उष्ण व कोरड्या हवामानातील शीतप्रिय ऑर्किडांचे गृहसंवर्धन

उष्ण व कोरड्या हवामानाच्या प्रदेशात, मूळच्या थंड डोंगराळ भागांतील ऑर्किड वनस्पती घरच्या घरी वाढविण्याच्या पद्धतींना शीतप्रिय ऑर्किडांचे गृहसंवर्धन असे म्हणता येईल. ऑर्किडांना मराठीत आमरी असे नाव आहे. अशा प्रदेशात दिवसाचे ऊन आणि हवेचा कोरडेपणा या दोन अडचणी ठळकपणे दिसतात. सावली, पाणी आणि बाष्पीभवनाने मिळणारा गारवा यांच्या साहाय्याने त्या बऱ्याच अंशी दूर करता येतात. रात्रीची उष्णता ही तिसरी अडचण सहजासहजी लक्षात येत नाही. परंतु रोप जगणार की नाही, आणि जगलेले रोप फुलणार की नाही, हे मुख्यतः तीच ठरविते. म्हणून या संवर्धनात साधनांपेक्षा रोपाच्या योग्य निवडीला अधिक महत्त्व आहे.

या लेखात गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली आणि त्याच्या आसपासचा गडचिरोली-चंद्रपूर वनप्रदेश उदाहरण म्हणून घेतला आहे. कडक उन्हाळा, दमट पावसाळा आणि बऱ्यापैकी थंड हिवाळा असे तीन स्पष्ट ऋतू येथे असल्यामुळे संवर्धनाच्या शक्यता आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी या प्रदेशात नीट दिसून येतात.

## शीतप्रिय ऑर्किड म्हणजे काय

ऑर्किड कुल हे सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक असून त्यात २५,००० हून अधिक जाती आहेत. संवर्धनाच्या सोयीसाठी त्यांचे तीन गट पाडण्याची प्रथा आहे, आणि हे गट रोपाला मानवणाऱ्या रात्रीच्या किमान तापमानावर आधारलेले आहेत. शीतप्रिय गटाला रात्री सुमारे १० ते १३ अंश सेल्सिअस, मध्यम गटाला १४ ते १६ अंश आणि उष्णप्रिय गटाला १८ अंश किंवा त्याहून अधिक तापमान मानवते. वर्गीकरणासाठी दिवसाचे नव्हे, तर रात्रीचे तापमान आधारभूत मानले आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

अँडीज पर्वतातील मॅस्डेव्हॅलिया व ओडोंटोग्लॉसम, हिमालयातील सिलोजाइनी क्रिस्टाटा आणि मोठ्या फुलांचे सिंबिडियम ही शीतप्रिय ऑर्किडांची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. यांतील बहुतेक वनस्पती विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या प्रदेशांत, परंतु बऱ्याच उंचीवर वाढतात. उंची दर १,००० मीटरांनी वाढली की हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे २,००० मीटर उंचीवरील धुकट जंगलात वाढलेले रोप आणि एटापल्लीसारख्या सखल प्रदेशातील घर यांच्यामध्ये केवळ उंचीमुळे दहा अंशांहून अधिक अंतर पडते. विदर्भातील थंड हवेचे ठिकाण असलेले अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे या वनस्पतींच्या मूळ स्थानांच्या मानाने तेही सखलच ठरते.

## एटापल्ली परिसराचे हवामान

एटापल्ली हे गडचिरोली जिल्ह्यातील एका तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. तालुक्याचा मोठा भाग साग, ऐन, मोह, तेंदू व बांबू यांच्या पानझडी वनांनी व्यापलेला आहे.

पूर्व विदर्भात मे महिन्यात दिवसाचे तापमान सामान्यतः ४० ते ४४ अंशांपर्यंत जाते. चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथे ते काही वर्षी ४६-४७ अंशांवर पोहोचते. दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असते. रात्रीही हवा २६ ते ३० अंशांखाली फारशी उतरत नाही. जूनच्या मध्यापासून मोसमी पाऊस सुरू झाला की दिवसाचे तापमान ३० अंशांच्या आसपास येते. पण हवा बाष्पाने भरलेली राहते आणि रात्रीचे तापमान २३ ते २६ अंशांवर स्थिर होते. नोव्हेंबरपासून आकाश निरभ्र होते, रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने बाहेर पडते आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान बहुधा १० ते १४ अंशांच्या दरम्यान असते.

याचा अर्थ असा की, शीतप्रिय गटाला हवी तशी रात्र या परिसरात मिळतच नाही असे नाही. ती वर्षातून सुमारे तीन महिने मिळते. अडचण उरलेल्या नऊ महिन्यांची आहे.

## मर्यादा ठरविणारे घटक

### रात्रीचे तापमान

वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषणाने शर्करा तयार करते आणि श्वसनासाठी ती रात्रंदिवस खर्च करते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारणतः दुप्पट होतो. १२ अंशांच्या रात्रीला जुळवून घेतलेले रोप २७ अंशांच्या रात्री ठेवले, तर दिवसाची कमाई रात्रीतच खर्ची पडते. असे रोप एका दिवसात मरत नाही. त्याची नवी पाने आधीच्या पानांपेक्षा लहान येतात, आभासी कंद सुरकुततात, मुळांची वाढ थांबते आणि काही महिन्यांनी एखाद्या किरकोळ रोगाने ते दगावते. त्यामुळे दोष पाण्याला, खताला किंवा रोगाला दिला जातो. मूळ कारण झाकलेलेच राहते.

पुष्कळ अपिवनस्पती ऑर्किड वेगळ्या प्रकारचे प्रकाशसंश्लेषण करतात. ती दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात. पाण्याची बचत करणारी ही युक्ती निवडुंगातही आढळते. मात्र रात्रीची हवा उष्ण आणि कोरडी असेल, तर ही रंध्रे रात्रीही पुरेशी उघडत नाहीत आणि रोपाची उपासमार होते.

फुलोऱ्याचा संबंधही रात्रीच्या गारव्याशी आहे. बाजारात सर्वांत जास्त विकले जाणारे फॅलेनॉप्सिस हे उष्णप्रिय ऑर्किड आहे. तरीही तापमान सतत २८ अंशांच्या वर राहिल्यास त्याला पाने येत राहतात, फुलांचा दांडा येत नाही. डेंड्रोबियम नोबिलेला काही आठवडे थंडी आणि कोरडेपणा मिळाला नाही, तर फुलांच्या जागी लहान रोपे फुटतात.

### हवेचा कोरडेपणा

सापेक्ष आर्द्रतेचा आकडा एकटा पाहिल्यास फसगत होण्याचा संभव असतो. उष्ण हवेत बाष्प सामावून घेण्याची क्षमता अधिक असते. म्हणून पानातून पाणी ओढून घेण्याची हवेची शक्ती तापमान व आर्द्रता या दोहोंवर अवलंबून असते. २० अंश तापमान व ७० टक्के आर्द्रता असलेल्या हवेच्या तुलनेत ४२ अंश तापमान व २० टक्के आर्द्रता असलेल्या हवेची ही शक्ती सुमारे नऊपट असते. धुक्यात वाढणाऱ्या पातळ पानांच्या ऑर्किडांची मुळे इतक्या वेगाने पाणी पुरवू शकत नाहीत. कुंडी ओली असतानाही पाने सुरकुतलेली दिसतात, त्याचे कारण हेच. अशा वेळी अधिक पाणी घातल्यास मुळे कुजतात आणि हानी वाढते.

### पाणी

ऑर्किडांना क्षारांचे प्रमाण कमी असलेले पाणी लागते. लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅमपेक्षा कमी विरघळलेले क्षार असणे चांगले. मॅस्डेव्हॅलियासारख्या नाजूक प्रजातींना याहूनही मऊ पाणी हवे असते. विंधन विहिरीच्या पाण्यात हे प्रमाण बहुधा जास्त असते. त्यावर पावसाचे पाणी हा सर्वांत सोपा उपाय आहे. १२ चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १,२०० लिटर पाणी मिळते. वीस रोपांना रोज प्रत्येकी अर्धा लिटर पाणी घातले, तरी हा साठा चार महिने, म्हणजे जवळजवळ संपूर्ण उन्हाळा पुरतो. पहिल्या एक-दोन सरींनी छप्पर धुऊन निघाल्यानंतरचे पाणी झाकण असलेल्या टाकीत साठवावे लागते, म्हणजे त्यात डासांची पैदास होत नाही.

## पूर्वेतिहास

ऑर्किडांच्या संवर्धनात तापमानाविषयी झालेल्या गैरसमजाचा इतिहास या विषयावर प्रकाश टाकतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये ऑर्किडांचे मोठे वेड होते. ही सर्व झाडे उष्ण व दमट अरण्यांतून येतात, अशी समजूत असल्यामुळे उंच पर्वतांवरून आणलेली रोपेही कोंदट, अतिशय तापविलेल्या काचघरांत ठेवली जात आणि हजारोंच्या संख्येने मरत. डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकने १८३५ साली जॉन गिब्सन या माळ्यास भारतात पाठविले. खासी टेकड्यांतून त्याने आणलेली ऑर्किडे चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्स्टन याच्या देखरेखीखाली वाढविली गेली. पॅक्स्टनने काचघरांत मोकळी हवा खेळविण्यावर आणि तापमान कमी ठेवण्यावर भर दिला. १८६० च्या दशकात जेम्स बेटमन याने शीतसंवर्धनाचा पुरस्कार केल्यानंतर ही पद्धत रूढ झाली. थंड इंग्लंडमध्येही ही रोपे अतिउष्णतेने मरत होती, हे येथे लक्षणीय आहे.

पुढे प्रयोगशाळेने या छंदाचे स्वरूप बदलले. ऑर्किडांचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते, त्यात अन्नसाठा नसतो आणि निसर्गात ते विशिष्ट कवकाच्या मदतीनेच रुजते. १९२२ मध्ये लुईस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने कवकाशिवाय, शर्करायुक्त माध्यमावर बी रुजविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल याने सिंबिडियमच्या वाढत्या अग्रापासून ऊतीसंवर्धनाने अनेक रोपे तयार करता येतात, हे दाखविले. यामुळे जंगलातून रोप न आणताही ऑर्किड स्वस्तात मिळू लागले. भारतात सिक्कीममधील पाक्योंग येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९९६ मध्ये ऑर्किडांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन केले.

## थंडावा निर्माण करण्याच्या पद्धती

### बाष्पीभवन आणि त्याची सीमा

एक लिटर पाण्याचे बाष्प होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. माठातील पाणी गार होणे, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारल्यावर आत थंड झुळूक येणे आणि विदर्भात घरोघरी दिसणारा कूलर, या सर्वांमागे हेच तत्त्व आहे. तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला असता जे तापमान दिसते, त्याला ओल्या बल्बचे तापमान म्हणतात. बाष्पीभवनाने हवा याहून अधिक थंड करता येत नाही. चांगला कूलर कोरड्या व ओल्या बल्बच्या तापमानांतील फरकाचा साधारणतः ८० टक्के भाग भरून काढतो.

या गणिताने ऋतूंचे चित्र स्पष्ट होते. मे महिन्यातील दुपारी हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या बल्बचे तापमान सुमारे २४ अंश येते आणि कूलरमधून सुमारे २७ ते २८ अंशांची हवा मिळते. म्हणजे तब्बल चौदा-पंधरा अंशांचा लाभ होतो. मे महिन्यातील रात्री हवा ३० अंश व आर्द्रता ३५ टक्के असेल, तर कूलरची हवा २१ ते २२ अंशांपर्यंत उतरते. पावसाळ्यात मात्र हवा ३० अंश व आर्द्रता ८० टक्के असताना ओल्या बल्बचे तापमानच सुमारे २७ अंश असते आणि कूलरचा लाभ दोन-अडीच अंशांपुरता उरतो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, कोरडा उन्हाळा भीतिदायक वाटला तरी त्यावर स्वस्त उपाय उपलब्ध आहे. ज्या कोरडेपणाने रोप सुकते, त्याच कोरडेपणामुळे कूलर प्रभावी ठरतो. दुसरा असा की, या उपायाने मध्यम गटाची रात्रही पूर्णपणे गाठता येत नाही, शीतप्रिय गटाची तर नाहीच. जुलै ते सप्टेंबर या काळात तर एवढा गारवाही मिळत नाही. म्हणून खऱ्या अर्थाने शीतप्रिय असलेल्या प्रजातींच्या दृष्टीने मे महिन्यापेक्षा ऑगस्ट महिना अधिक घातक ठरू शकतो.

### रोपांची जागा

घराच्या उत्तर किंवा पूर्व बाजूची पडवी सर्वांत सोयीची असते. पश्चिमेची भिंत दुपारचे ऊन शोषून मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. तिच्याजवळ ठेवलेल्या रोपांना रात्रीचा गारवा मिळत नाही. सिमेंटची गच्ची याच कारणाने अयोग्य ठरते. उन्हाळ्यात ७५ टक्के सावली देणारी जाळी आणि हिवाळ्यात ५० टक्क्यांची जाळी वापरली जाते. जाळी रोपांच्या अगदी जवळ न बांधता डोक्याच्या वर काही अंतरावर बांधल्यास मधून वारा खेळतो. थेट उन्हातील पान भोवतालच्या हवेपेक्षा कित्येक अंश अधिक तापते. त्यामुळे पानाला हात लावून पाहणे ही साधी चाचणी उपयोगी पडते. पान गरम लागले, तर सावली अपुरी आहे असे समजावे.

कूलर वापरताना एका बाजूने ओली हवा आत येऊन दुसऱ्या बाजूने ती बाहेर जाण्याची वाट असावी लागते. बंद खोलीत कूलर लावल्यास थोड्याच वेळात हवा दमट होऊन बाष्पीभवन मंदावते. रात्री कूलर चालू ठेवणे दिवसाइतकेच आवश्यक असते. कूलरच्या टाकीतील पाणी आटत जाते तसे त्यातील क्षार दाट होत जातात. म्हणून हे पाणी रोपांना घालू नये आणि टाकी वरचेवर रिकामी करून धुवावी. वादळवाऱ्यात वीज खंडित होण्याची शक्यता धरून, विजेशिवाय चालणारी एखादी व्यवस्था हाताशी ठेवणे हितावह ठरते.

### विजेशिवायचे उपाय

मोठ्या मातीच्या कुंडीत लहान मातीची कुंडी ठेवून मधल्या जागेत वाळू भरली आणि ती ओली ठेवली, तर भिंतींतून होणाऱ्या बाष्पीभवनामुळे मुळांभोवती गारवा राहतो. बिनचकाकीची भाजलेली माती यासाठी लागते. प्लॅस्टिकच्या कुंडीत हा लाभ मिळत नाही. रोपांखाली खडी पसरलेले पाण्याचे ताट ठेवणे, जमिनीवर वाळूचा थर पसरून तो ओला ठेवणे आणि कडेने वाळ्याच्या किंवा गोणपाटाच्या ओल्या ताट्या टांगणे या पद्धतीही उपयोगी आहेत. कुंडीचा तळ ताटातील पाण्यात बुडू नये, ही खबरदारी घ्यावी लागते. दुपारच्या कडक उन्हात पानांवर पाणी शिंपडल्याने मिळणारा गारवा क्षणिक असतो. त्याऐवजी जमीन व ताट्या ओल्या करणे अधिक परिणामकारक असते.

### थंड काचपेटी

लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड याने १८२९ च्या सुमारास बंद काचपेटीत झाडे दीर्घकाळ टिकतात, असे निरीक्षण केले. पुढे अशा पेट्यांतून झाडे समुद्रमार्गे दूरदेशी नेली गेली. काचपेटी ओलावा धरून ठेवते. परंतु ती थंडावा देत नाही, उलट उन्हात झपाट्याने तापते. म्हणून शीतप्रिय लघु ऑर्किडांसाठी पेटीला शीतयंत्र, लहान पंखा व एलईडी दिवे जोडले जातात. मॅस्डेव्हॅलियासारख्या ठेंगण्या प्रजाती सखल व उष्ण प्रदेशात बारमाही वाढविण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे अशी पेटी किंवा वातानुकूलित खोली. तिच्यासाठी अखंड वीजपुरवठा लागतो. उन्हाळ्यात काही तास वीज गेली, तरी पेटीतील तापमान बाहेरच्या तापमानाला भिडते.

## रोपांची निवड

शीतप्रिय प्रजातीऐवजी तिच्याशी साम्य असलेली, पण उष्णता सोसणारी जात निवडणे हा सर्वांत कमी खर्चाचा व दीर्घकाळ टिकणारा मार्ग आहे. त्याची काही उदाहरणे पुढीलप्रमाणे :

- सिंबिडियम : मोठ्या फुलांच्या संकरित जातींना फुलोऱ्यासाठी शरद ऋतूत थंड रात्री लागतात. भारतातील सखल वनांत वाढणारे सिंबिडियम अलोइफोलियम आणि सिंबिडियम एन्सिफोलियमपासून निघालेले लहान फुलांचे संकर अशा थंडीवाचूनही फुलतात.
- डेंड्रोबियम : नोबिले गटाला हिवाळी विश्रांती लागते आणि ती पूर्व विदर्भातील हिवाळ्यात मिळू शकते. फॅलेनॉप्सिससारखी फुले येणाऱ्या डेंड्रोबियमच्या संकरित जाती उष्णप्रिय आहेत.
- ओडोंटोग्लॉसम : मूळ जातींऐवजी ऑन्सिडियमशी संकर केलेल्या जाती अधिक उष्णता सोसतात.
- पॅफिओपेडिलम : एकरंगी हिरव्या पानांच्या अनेक जातींना गारवा लागतो, ठिपकेदार, चितकबऱ्या पानांच्या जाती सामान्यतः उबदार हवेत वाढतात.
- सिलोजाइनी क्रिस्टाटा आणि मॅस्डेव्हॅलिया : यांच्यासाठी शीतयंत्राची सोय नसल्यास त्या न आणणेच इष्ट.

रोप आणण्यापूर्वी कमाल-किमान तापमापक रोपांच्या नियोजित जागी वर्षभर टांगून किमान तापमानाची नोंद ठेवावी. घरातील जागेची रात्र गावाच्या सरासरीपेक्षा दोन-तीन अंशांनी वेगळी असू शकते आणि मध्यम गटातील रोपासाठी एवढा फरकही निर्णायक ठरतो. रोप आणण्यास नोव्हेंबर हा योग्य महिना आहे. कारण उन्हाळा येण्यापूर्वी नवी मुळे धरण्यास त्याला तीन-चार महिन्यांचा अवधी मिळतो.

## कुंडी व माध्यम

बहुतेक शोभेची ऑर्किडे अपिवनस्पती असल्याने त्यांना माती चालत नाही. लाकडी कोळशाचे तुकडे, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे यांचे मिश्रण सर्वत्र उपलब्ध असते. नारळाच्या सोडणात क्षार असतात. म्हणून ते काही दिवस पाणी बदलत भिजवून घ्यावे लागते. कोरड्या हवेत ओलावा धरणारे माध्यम अधिक घालण्याचा मोह होतो. परंतु तेच माध्यम पावसाळ्यात मुळे कुजवते. त्यामुळे माध्यम मोकळेच ठेवून उन्हाळ्यात पाणी अधिक वेळा देणे ही पद्धत सुरक्षित मानली जाते. पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर द्यावे, म्हणजे पानांच्या बेचक्यांत साचलेले पाणी संध्याकाळपूर्वी सुकते. खत फार सौम्य, सांगितलेल्या मात्रेच्या चौथ्या हिश्शाइतके, केवळ वाढीच्या काळात द्यावे आणि महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर स्वच्छ पाणी वाहू द्यावे, म्हणजे साचलेले क्षार निघून जातात.

## वर्षभराचा क्रम

मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत सावली, कूलर आणि ओल्या ताट्या यांवर भर असतो. या काळात कुंड्या बदलू नयेत व खत जवळजवळ थांबवावे. कोरड्या हवेत लाल कोळी पानांच्या खालच्या बाजूस वाढतो. पाने ओल्या फडक्याने वरचेवर पुसल्यास तो आटोक्यात राहतो. पिठ्या ढेकूण व खवले कीड यांच्यासाठीही पानांचे बुंधे तपासावे लागतात.

पावसाळ्यात रोपांवर पारदर्शक छप्पर ठेवून सततचा पाऊस अडविला जातो आणि पंख्याने हवा हलती ठेवली जाते. या काळात ओलाव्यापेक्षा स्तब्ध हवा अधिक घातक असते. काळी कूज व जिवाणुजन्य मऊ कूज काही दिवसांतच रोप संपवू शकतात. रोगट भाग निर्जंतुक केलेल्या पात्याने निरोगी उतीपर्यंत कापून रोप वेगळे ठेवतात. गोगलगायी रात्री कोवळी मुळे व कळ्या खातात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवस उबदार व रात्री गार होऊ लागतात. सिंबिडियम व फॅलेनॉप्सिस यांना फुलांचे दांडे येण्यासाठी हाच अनुकूल काळ असल्याने रोपे रात्री घरात न घेता पडवीतच ठेवतात. तापमान १५ अंशांखाली उतरू लागल्यावर मात्र फॅलेनॉप्सिसला आत आणावे लागते. डिसेंबर-जानेवारीत नोबिले गटाचे पाणी पुष्कळ कमी करून त्याला उजेडात, थंडीत राहू देतात. फेब्रुवारी हा कुंड्या बदलण्याचा शेवटचा सोयीचा महिना होय.

## परिसरातील स्थानिक ऑर्किड

गडचिरोली-चंद्रपूरच्या वनांत ऑर्किड नैसर्गिकरीत्या वाढतात. आंबा, मोह यांसारख्या वृक्षांवर आढळणारी व्हांडा टेसेलाटा आणि लांब, झुपकेदार फुलोऱ्यामुळे सीतेची वेणी या नावाने ओळखली जाणारी रिंकोस्टायलिस रेटुसा ही त्यांची उदाहरणे आहेत. सीतेची वेणी आसामात कोपौ फूल म्हणून प्रसिद्ध असून ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. झाडावर वाढत असल्यामुळे ऑर्किडांना पुष्कळदा बांडगूळ समजून तोडले जाते. वस्तुतः बांडगूळ यजमान वृक्षाच्या सालीत शिरून त्याच्याकडून पाणी व क्षार शोषते. ऑर्किड केवळ आधार घेते आणि वृक्षाचे काहीही घेत नाही.

या वनस्पतींनी येथील उन्हाळ्याला दिलेली उत्तरे अभ्यासनीय आहेत. व्हांडाची पाने जाड व पन्हळीसारखी असतात. तिच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. पावसाची सर येताच ते पाणी शोषून घेते आणि नंतर मुळाला सुकण्यापासून वाचविते. काही डेंड्रोबियम उन्हाळ्यात सर्व पाने गाळून केवळ आभासी कंदांच्या आधारे तग धरतात. हॅबेनेरिया व युलोफियासारखी जमिनीतील ऑर्किड उन्हाळाभर भूमिगत कंदाच्या रूपात निद्रिस्त राहून पावसाळ्याच्या सुमारास वर येतात. एटापल्लीच्या हवेत ऑर्किड वाढत नाहीत ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते. दुसऱ्या हवेतील ऑर्किड तेथे वाढविणे कठीण असते एवढेच.

## संवर्धन व कायदा

सर्व ऑर्किड प्रजाती वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट असून, बहुसंख्य प्रजाती दुसऱ्या आणि पॅफिओपेडिलमसारख्या काही पहिल्या परिशिष्टात आहेत. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे. निळी व्हांडा, तांबडी व्हांडा आणि पॅफिओपेडिलम यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही संरक्षण दिले आहे. राखीव वनातून परवानगीवाचून वनस्पती काढण्यास १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार मनाई आहे. एटापल्लीलगतच्या अहेरी तालुक्यातील आलापल्लीचे वनवैभव हे जुन्या वृक्षांचे वनक्षेत्र २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले.

कायद्याच्या पलीकडे एक व्यावहारिक कारणही आहे. जंगलातून उपटलेल्या ऑर्किडाची मुळे सालीला घट्ट चिकटलेली असतात. ती तुटली की रोप क्वचितच सावरते. शिवाय ऑर्किडांची वाढ संथ असते आणि बी पासून फुलापर्यंत पोहोचण्यास त्यांना अनेक वर्षे लागतात. म्हणून एका वृक्षावरील फुलणारे रोप काढले, तर त्या ठिकाणी पुढील कित्येक वर्षे बी धरणारे झाड उरत नाही. गृहसंवर्धनासाठी ऊतीसंवर्धित किंवा रोपवाटिकेत बियांपासून वाढविलेली रोपेच घ्यावीत. वादळात मोडून जमिनीवर पडलेल्या फांदीवरील ऑर्किड आढळल्यास वनकर्मचाऱ्यांच्या अनुमतीने ते फांदीच्या तुकड्यासह जवळच्या उभ्या झाडावर, तशाच उजेडात, पावसाळ्याच्या आरंभी बांधून देणे ही त्याला जगविण्याची चांगली पद्धत होय.